परत आलेली शाल

दिलेली शाल परत करणं म्हणजे काय, हे लातूरच्या बाजारात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सत्काराची शाल माणूस घरी नेतो, कपाटात ठेवतो, वर्षभरानं तीच दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर घालून मोकळा होतो. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पण ज्यानं घातली त्याच्याच हातात आणून ठेवायची? अहो, त्यापेक्षा भर चौकात थोबाडीत मारलेली परवडली! आणि इथं तर शाल घातली होती शिवमूर्ती अप्पांनी. गंजगोलाईत त्यांचं कापडाचं दुकान, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळून बघावं. निम्म्या जिल्ह्याचे सत्कार त्यांच्याच दुकानातल्या शालींवर पार पडतात.

तर भर दुपारी, दुकानात गिऱ्हाइकं बसलेली असताना, दावित आला. हातात ती मरून रंगाची शाल, घडी अगदी दुकानात घालतात तशी. ती त्यानं गल्ल्याशेजारी ठेवली, हसला, म्हणाला, "अप्पा, ही तुमची. लई चांगली शाल. दुसऱ्याला द्या." आणि वाकून पाया पडून निघून गेला. गिऱ्हाइकांनी एकमेकांकडं बघितलं. अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा दावित म्हणजे अप्पांच्या माडीवरचा भाडेकरू. देश इथिओपिया. तुरीच्या मर रोगावर संशोधन करायला लातूरला आलेला, आता तिसरं वर्ष चालू. परदेशी माणूस घरात ठेवायचा म्हणून अप्पांनी सुरुवातीला बरीच खळखळ केली होती. पण बायकोनं, रत्नम्मांनी, पोराच्या ताटात पहिली भाकरी वाढली आणि खळखळ संपली. रत्नम्मा माहेरच्या कर्नाटकातल्या, सीमेपलीकडच्या. त्या त्याला 'तम्मा' म्हणायच्या, धाकट्या भावाला म्हणतात तसं. अप्पा तर त्याला जिकडंतिकडं घेऊन फिरायचे. लग्नात, बारशात, गणपतीच्या आरतीला. "हा आमचा दावित! पार आफ्रिकेतून आला, अन् आमच्या तुरीचा डॉक्टर होणार!" मग तिथला यजमान लगेच शाल आणायला माणूस पिटाळायचा. पोराच्या खोलीत शालींची चळत झाली होती. ह्या सगळ्या कौतुकात त्याला कधी कुणी विचारलं नाही की बाबा, तुझ्या घरचं कसं काय. विचारायला सवड कुठं होती? सत्कार चालू होते ना.

आणि ही मरून शाल तर खास होती. दिवाळीनंतर व्यापारी मंडळाचा मोठा कार्यक्रम झाला, त्यात स्वतः अप्पांनी ती दावितच्या खांद्यावर घातली होती. त्याचा फोटो मोठा करून दुकानात लावला होता. फोटोत दावित हसत होता.

अप्पा तणतणत घरी आले. घर दुकानाच्या मागंच.

"बघितलीस का त्याची मिजास? भर दुकानात शाल परत! लोकांसमोर बेइज्जती केली माझी! एवढं लेकरासारखं सांभाळलं, अन्..."

रत्नम्मा स्वयंपाकघरात काहीतरी पुसत होत्या. "आवो, त्यानं मला बी हे दिलं सकाळी," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात दावितचं काळ्या मातीचं, लांब मानेचं कॉफीचं भांडं होतं. त्याच्या आईनं दिलेलं. ते तो कुणाला धुवायलासुद्धा देत नसे. "मनला, अम्मा, आता तुमी करा. कुकर शेजारच्या धोंडाबाईला दिला मनं. पुस्तकं कालिजातल्या पोरायला. खोली बी लख झाडून ठेवलीय. गावाला निघाला असंल बगा."

"निघाला? मला न सांगता?" अप्पा आणखी भडकले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि नांदेडला लावला, शिवकन्येला.

शिवकन्या अप्पांची भाची. बहिणीची लेक, पण वाढली अप्पांच्याच घरात. मानसशास्त्र शिकली आणि आता नांदेडला एका कॉलेजात विद्यार्थ्यांची समुपदेशक होती. तिच्याकडं बाहेरदेशचीही पोरं यायची. अप्पा हे काम लोकांना सांगताना म्हणायचे, "पोरायचं रडगाणं ऐकायचा पगार घेती माझी भाची!" म्हणायचे असं, पण छाती फुगवून. आणि घरात काही बिनसलं की त्यांचा पहिला फोन तिलाच.

"शरणार्थ मामा. काय झालं?"

अप्पांनी सगळं एका दमात सांगितलं. शाल, फोटो, गिऱ्हाइकं, बेइज्जती. 

"आयकायलीस का?"

"आणि काय काय दिलंय त्यानं, मामा?"

अप्पांनी भांडं, कुकर, पुस्तकं, सगळं सांगितलं.

"जेवतोय का?"

अप्पांनी रत्नम्मांकडं बघितलं. रत्नम्मांनी नाही म्हणून मान हलवली. "दिवाळीपसून चिमणीवानी खायलाय. मी मनलं, परीक्षा असंल."

"मामा, राग बाजूला ठेवा. तो आत्ता कुठं हाय?"

"वर. खोलीत."

"एकटा?"

"मग काय वरात घेऊन बसंल?"

"मामा." तिचा आवाज बदलला. लहानपणी ताप आल्यावर ती असंच बोलायची, हळू आणि नीट. "माणूस आपल्या जिवाजवळच्या वस्तू अशा एकेक करून वाटून टाकतो अन् वर शांत हसतो, तवा तो रुसलेला नसतो. कधीकधी तो निरोप घेत असतो."

"गावाचा?"

"न्हाई, मामा."

अप्पा खाटेवर बसले. रत्नम्मा त्यांच्याकडं बघत होत्या, आणि अप्पांच्या तोंडाकडं बघूनच त्यांना कळलं. त्यांनी ते मातीचं भांडं छातीशी धरलं.

"मी चुकत बी असंल," शिवकन्या म्हणाली. "चुकले तर चांगलंच हाय. पण त्याला आता एकट्याला ठेवायचं न्हाई. वर जा. त्याच्यापाशी बसा. अन् सरळ विचारा त्याला, मरून जावं असं वाटायलंय का?"

"काय बोलायलीस तू!" अप्पा उठून उभेच राहिले. "असलं अभद्र तोंडातून काढू मी? अन् त्याच्या मनात नसलं अन् माझ्या बोलण्यानं आलं तर?"

"येत न्हाई. विचारल्यानं तसं होत न्हाई, मामा, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. नसलं तर तो न्हाई मनंल. अन् असलं, तर आजपर्यंत कुणी विचारलंच न्हाई म्हणून ते आत दाबून बसला असंल. विचारलं की त्याला बोलायला वाट होते. अन् आयका, 'लोक काय म्हणतील' न्हाई, 'मायबापाचा विचार कर' न्हाई, 'वाघासारखा गडी असून' न्हाई. एक शब्द न्हाई त्यातला."

"मग बोलू काय?"

"विचारा, अन् गप बसा. मी स्टँडकडं निघाले. एका पोरीला संगं आणते. फोन चालू ठेवा."

गप बसा! शिवमूर्ती अप्पांना! अख्ख्या बाजारात ही गोष्ट कुणी सांगितली असती तर लोक हसून लोळले असते. पण त्या दुपारी कुणी हसलं नाही.

आता अप्पांचं एक सांगायला पाहिजे. ह्या माणसानं जन्मात कधी 'दुकान बंद केलं' असं म्हटलं नव्हतं. 'दुकान वाढवलं' म्हणायचं. दिवासुद्धा त्यांच्या घरी विझत नसे, शांत होत असे. कुणी गेल्याची बातमी फोनवर द्यायची वेळ आली तर अप्पा म्हणायचे, "जरा जास्त हाय, निघून या," आणि माणूस गावात पोचल्यावर अंगणातली गर्दी बघून काय ते समजून घ्यायचा. वाईट शब्द उच्चारला की वाईट घडतं, अशी त्यांची पक्की धारणा. आणि आज त्यांनाच सगळ्यांत वाईट शब्द घेऊन जिना चढायचा होता. ते अर्ध्यात थांबले. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. खाली रत्नम्मा उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "जावा की!" मग ते गेले.

दार लोटलेलं होतं. दावित खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. खोली इतकी रिकामी झालेली की अप्पांना वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो.

"शालीबद्दल राग आला, अप्पा?" दावितनं विचारलं.

"आला होता," अप्पा म्हणाले. जमिनीवर बसले. पाय मुडपून, गल्ल्यावर बसतात तसे. घसा खाकरला, पुन्हा खाकरला. शेवटी खाली सतरंजीकडं बघत त्यांनी ते एकदाचं बाहेर काढलं. "दावित, बाबा. मला खरं सांग. तुला मरावं वाटायलंय का?"

अप्पांना दहा गोष्टी बोलाव्याशा वाटल्या. तू इतका हुशार, तुझ्यापुढं अख्खं आयुष्य पडलंय, तुझ्या आईला काय वाटंल! सगळं जिभेवर आलं. पण शिवकन्येनं सांगितलं होतं. अप्पांनी दात दाबून धरले आणि गप बसले. बाहेर रिक्षा वाजत होत्या, खाली कुणीतरी रत्नम्मांना हाक मारून गेलं, आणि अप्पा गप बसून राहिले. एवढं अवघड काम त्यांनी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

"हो," दावित म्हणाला. मग त्याचा चेहरा असा काही वेडावाकडा झाला की अप्पांनी सरकून त्याचा पाय धरला. हाताला तेवढंच आलं म्हणून.

आणि मग तो बोलायला लागला. थोडं मराठी, थोडं हिंदी, मध्येच त्याच्या भाषेत, जे अप्पांना एक अक्षर कळलं नाही आणि तरी कळलं. आई गेली. तिकडं गावाकडं गोळीबार, रस्ते तुटलेले, फोन कधी लागतो कधी नाही. आजारी होती, दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. पुरून आठवडे उलटून गेले, तेव्हा चुलतभावाचा फोन लागला आणि त्यानं सांगितलं.

"आरं, मग कामून बोलला न्हाईस? कवा कळलं?"

अप्पांनी पुन्हा विचारलं, "कवा, बाबा?"

"त्या दिवशी. हॉलमध्ये. मागच्या खोलीत मी फोनवर होतो."

अप्पांना आठवलं. स्टेजवरून नाव पुकारलं होतं आणि हे पोरगं कुठं दिसेना. अप्पा स्वतः मागच्या खोलीत गेले होते. दावित भिंतीला टेकून उभा, फोन हातात. "आरं, चल चल, तुझं नाव घेतलंय!" म्हणत अप्पांनी त्याला दंडाला धरून ओढत नेलं होतं. शाल घातली होती. टाळ्या झाल्या होत्या. फोटोवाला म्हणाला होता, "जरा हसा," आणि पोरगं हसलं होतं.

तोच फोटो खाली दुकानात होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला अप्पा तो दाखवत होते.

अप्पा ओक्साबोक्शी रडायला लागले. दावित घाबरला. खुर्चीतून उतरून तोच त्यांच्याजवळ बसला. रत्नम्मा वर आल्या तेव्हा दोघं जमिनीवर तसेच होते. भिंतीला टेकून त्याही तिथंच बसल्या.

संध्याकाळी शिवकन्या पोचली. तिच्याबरोबर एक बारीक, डोळे मोठे असलेली मुलगी होती. सेलाम तिचं नाव. दावितच्याच देशाची, नांदेडला नर्सिंग शिकणारी. शिवकन्येनं बसमध्ये तिला सगळं सांगितलं होतं, दावितला फोन करून विचारूनच. "तुझ्या देशाचं कुणी आलं तर चालंल का? न्हाई चालत असंल तर मी एकटी येते." तो म्हणाला होता, येऊ दे.

अप्पांना वाटलं होतं, आता भाची काहीतरी मोठं बोलेल, शिकलेलं. तिनं तसलं काही केलं नाही. चहा मागितला, दावितसमोर बसली आणि त्याला विचारलं तेच, जे अप्पांनी विचारलं होतं, पण आणखी नीट. कधीपासून वाटतंय, काही ठरवलंय का, आजची रात्र कशी काढू या. त्याच्याकडून तिनं कबूल करून घेतलं की तो एकटा राहणार नाही, उद्या तिच्याबरोबर डॉक्टरकडं येईल, आणि मरावं वाटायची ती काळी लाट आली की रात्री-बेरात्री कुणाचंही दार वाजवील. त्याच्या फोनमध्ये मदतीचे नंबर घातले. हे सगळं ती इतक्या साधेपणानं करत होती, भाजी निवडल्यासारखं, की अप्पा बघत राहिले. आपण हिच्या नोकरीची चेष्टा करत होतो, हे त्यांना आठवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं जाऊन आले. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलं. अप्पांना वाटलं, झालं. पण शिवकन्या दावितला विचारत होती, "तुमच्याकडं आई गेल्यावर काय करतात?"

दावितनं सेलामकडं बघितलं. मग सेलामनं सांगितलं. आमच्याकडं मरणाची बातमी एकट्या माणसाला कधी सांगत नाहीत. फोनवर तर नाहीच. नातेवाईक, शेजारी, थोर माणसं पहाटे जमतात. सगळी मिळून त्या माणसाच्या दारात जातात. दार उघडल्यावर एवढी माणसं बघून त्याला कळतंच, पण तरी कुणीतरी वडीलधारं माणूस ते तोंडानं सांगतं. मग रडतात. सगळे रडतात. आणि पुढं कितीतरी दिवस त्याला एकटं सोडत नाहीत, घरात चूल पेटवू देत नाहीत. पांढऱ्या चादरी पांघरतात. एरवी रंगीत काठ खाली असतो, दुखवट्यात तो वर, मानेपाशी घेतात.

"त्याला हे काहीच मिळालं न्हाई," शिवकन्या म्हणाली. "मामा, त्याला अजून कुणी सांगितलेलंच न्हाई."

"आता काय सांगायचं? त्याला म्हाईत हाय की."

"म्हाईत हाय. सांगितलं न्हाई." ती त्यांच्याकडं वळली. "मला बी म्हाईत होतं, मामा."

अप्पांनी मान खाली घातली. शिवकन्येची आई किल्लारीच्या भूकंपात गेली होती. ही लहान पोर तेव्हा गणपती बघायला म्हणून मामाकडं लातूरला आलेली, त्यामुळं वाचली. अप्पांनी तिला सांगितलं होतं, आई गावाला गेलीय. नंतरही तेच सांगितलं. त्यांच्यानं पुढं काही बोलवलंच नाही. पोर मोठी होत गेली, आपलं आपण समजून घेत गेली, आणि त्या घरात तो विषय तसाच राहिला.

"मी तुमच्यावर रागावून बोलत न्हाई," शिवकन्या म्हणाली. "तुम्ही माझा जीव जपायला गप बसलात. पण ह्याला तुम्ही सांगा. घरातलं वडीलधारं माणूस म्हणून. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करते." आणि दावितकडं वळून म्हणाली, "तुला हे नको असंल तर न्हाई करायचं. तू ठरव."

दावितनं विचारलं, "अप्पा सांगतील?"

अप्पांनी मान डोलावली. मग उठले आणि दुकानात गेले. भिंतीवरचा फोटो काढला, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. फडताळातून पांढऱ्या सुती उपरण्यांचे गठ्ठे उतरवले, बारीक काठाचे, आणि हाताला लागतील तेवढे घरी आणले.

तिसऱ्या दिवशी पहाटे अप्पांच्या अंगणात माणसं जमली. बाजारातले व्यापारी, गल्लीतल्या बाया. धोंडाबाई आल्या, त्यांनी पदराखाली कुकर आणला होता. "मला काय ठावं, मला वाटलं गावाला जाताना दिला," म्हणत त्या तो कुकर कुणाला द्यावा म्हणून इकडंतिकडं बघत होत्या. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष हणमंतराव आले आणि सवयीनं म्हणाले, "मी श्रद्धांजलीपर दोन शब्द बोलतो." शिवकन्येनं हात जोडले. "काका, आज शब्द नको. आज नुसतं बसायचं." हणमंतरावांनी निमूट मान डोलावली. सेलाम प्रत्येकाच्या खांद्यावर उपरणं घालत होती आणि काठ वर, मानेपाशी वळवत होती. बाजारातली ती सगळी भारदस्त माणसं तिच्यापुढं लेकरासारखी उभी राहिली.

सगळे जिना चढले. पुढं अप्पा. त्यांनी दार वाजवलं. दावितनं उघडलं. समोर जिन्यापर्यंत, खाली अंगणापर्यंत पांढरी पांघरलेली माणसं. दावित तसाच उभा राहिला. आज काय आहे हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं दाराची चौकट घट्ट धरली होती.

अप्पांचे ओठ हलले. 'जास्त हाय' नाही, 'गावाला गेली' नाही. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

"दावित, लेकरा. तुझी माय मेली रे."

हा शब्द शिवमूर्ती अप्पांच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता. तो बाहेर पडला आणि दावितनं अशी आरोळी मारली की खालची माणसं हादरली. त्याच्या भाषेत आईला हाक मारत तो खाली बसला, छाती पिटायला लागला, आणि सेलामनं त्याच्याजवळ बसून त्यांच्या रीतीनं रडणं सुरू केलं, सूर धरून. मग रत्नम्मा. रत्नम्मांना ती भाषा येत नव्हती, त्यांनी आपल्या कन्नडात गळा काढला, "अय्यो, अव्वा!" आणि धोंडाबाईंनी आपल्या मराठीत. कुणी त्या बाईला पाहिलं नव्हतं. कुणाला तिचं नाव नीट घेता येत नव्हतं. पण त्या सकाळी लातूरच्या एका माडीवर तिच्यासाठी दहा-वीस माणसं रडली, आणि खरं रडली. अप्पांनी वळून बघितलं तर भिंतीपाशी शिवकन्या उभी होती, उपरणं तोंडावर धरून. अप्पा एका हातानं दावितला धरून राहिले आणि दुसरा हात त्यांनी भाचीकडं लांब केला. तिनं तो धरला.

पुढं अनेक दिवस त्या घरात दावितची चूल पेटली नाही. कुणाकडून भाकरी, कुणाकडून वरण, शेजाऱ्यांचे डबे येत राहिले. बाजारातली माणसं पाळीपाळीनं येऊन बसायची, दुकान सोडून. काही बोलायचं नाही असं शिवकन्येनं सांगितलं होतं, पण दोन दिवसांनी बोलायला लागलीच. दावितला ते चाललं. तो आईबद्दल बोलायला लागला. ती किती भांडकुदळ होती हे सांगताना एकदा हसला, आणि हसलो म्हणून रडला.

लगेच सगळं चांगलं झालं, असं काही नाही. मध्ये असे दिवस आले की तो अंथरुणातून उठायचा नाही, आणि एकदा भर दुपारी त्यानं खाली येऊन दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं, "अप्पा, आज ती लाट लई मोठी हाय." अप्पांनी समोरच्या गिऱ्हाइकाला सरळ सांगितलं, "उद्या या," आणि त्याला घेऊन डॉक्टरकडं गेले. गोळ्या चालू होत्या. पंधरवड्याला नांदेडला शिवकन्येकडं जाणं चालू होतं. अप्पा बरोबर जायचे. चाकूरला गाडी थांबली की भजी घ्यायची, आणि नांदेडला पोचेपर्यंत अप्पांनी दाळीचे भाव ह्या विषयावर त्याचं डोकं खायचं, असा रिवाज पडला. शिवकन्येनं तिकडं बाहेरदेशच्या पोरांची एक बैठक सुरू केली होती. पहिल्या भेटीत ती आता प्रत्येकाला विचारायची, तुमच्याकडं बातमी कशी सांगतात, आणि तुम्हाला सांगायची वेळ आली तर तुमच्या बाजूला कोण असावं. अप्पा बाहेर बाकावर बसून दारातून येणारी ती पोरं बघायचे आणि येईल त्याला सांगायचे, "ही आत बसलीय ना, ती माझी भाची." रडगाण्याचा पगार वगैरे त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.

जानेवारीत दावितच्या लोकांचा नाताळ येतो, आपल्याकडचा सरून गेल्यावर. सेलामनं नांदेडला सगळ्यांना बोलावलं होतं. थंडी कडाक्याची पडलेली. अप्पा सकाळी पायऱ्या उतरून दुकानात आले, कुलूप काढलं, तर मागून दावित आला. अंगात नुसता शर्ट, हात बगलेत.

"अप्पा," तो म्हणाला. "माझी शाल कुठाय?"

अप्पा कुलूप हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"मरून शाल. मी इथं ठेवली होती. अन् अम्माकडं माझं भांडं हाय, ते बी पाहिजे. नांदेडला सगळ्यांची कॉफी मला करायचीय. माझ्या आईची पद्धत सेलामला येत न्हाई." मग तो म्हणाला, "कुकर बी धोंडाबाईकडं परत गेला वाटतं. तो कधी मागू?"

अप्पांना काही दिसेनासं झालं. त्यांनी उपरण्यानं चष्मा पुसला आणि मग असे ओरडले की पलीकडच्या गल्लीतली माणसं वळून बघायला लागली.

"दिलेली वस्तू परत मागतोस व्हय रे! लाज न्हाई वाटत? रत्नम्मा! आगं ए रत्नम्मा! आयकलंस का? हा शाल परत मागायलाय!"

आणि त्यांनी गल्ल्याखालचा खण ओढला. शाल तिथंच होती, दावितनं घातलेल्या त्याच घडीत. अप्पांनी ती झटकली, त्याच्या खांद्यावर टाकली, आणि काठ नीट खाली ओढून दिला.